परताव्याचा धनी

देणे आणि परत देणे या दोन क्रिया व्यवहारात इतक्या मिसळून गेल्या आहेत की, त्यांतला भेद आपल्या सहसा ध्यानात येत नाही. पूर्वी किराण्याची यादी घेऊन पोर दुकानात गेले, की पुड्या बांधून झाल्यावर वाणी त्याच्या ओंजळीत मूठभर फुटाणे नाहीतर गुळाचा खडा घालीत असे. ते देणे होते. वहीत त्याची नोंद नसे आणि घरी गेल्यावर पोराकडे कोणी त्याचा हिशेबही मागत नसे.

२०१६ साली यूपीआय आले. आता परभणीच्या मोंढ्यात काय किंवा गंगाखेड-मानवतच्या बाजारात काय, गल्ल्यापाशी स्कॅनरची पाटी दिसते. तिच्यापुढे फोन धरला की पैसे वाण्याला पोचतात, आणि कधीकधी फोनवर एक स्क्रॅच कार्ड उमटते. बोटाने ते खरवडले की चार रुपये आपल्या खात्यात जमा होतात. याला कॅशबॅक म्हणतात. हे रुपये फुटाण्यांच्या जातीचे मानावेत, की हिशेबातले? स्वतःचा पैसा खर्च करीत असलो तर हा प्रश्न क्षुल्लक आहे. पण पैसा दुसऱ्याचा असला म्हणजे?

आमच्या शेजारी एक वृद्ध काकू एकट्याच राहतात. रवा, बेसन, पोहे, शेंगदाणे, तेल असे त्यांचे दिवाळीचे सामान मीच आणतो. नोटा त्यांच्या, दुकानात मात्र मी फोनने पैसे देतो आणि नोटा माझ्या खिशात राहतात. गेल्या दिवाळीत बिल १,८०० रुपये झाले, आणि ४५ रुपये परत आले. त्यांचा धनी कोण?

माझ्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. फोन माझा, खाते माझे, खेपही माझीच. शिवाय हे पैसे वाण्याने दिलेले नव्हते. धंदा वाढावा म्हणून कंपनीने आपल्या ग्राहकाला दिले, आणि तिचा ग्राहक मी. काकूंचे एका पैचेही नुकसान नव्हते. पण हा युक्तिवाद ऐकला की मला जुनी दस्तुरी आठवते. धन्याच्या खरेदीवर नोकर दुकानदाराकडून परस्पर काही घेई, ती दस्तुरी. धन्याचे काय गेले, असे त्यालाही म्हणता येत असे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात, दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाराने त्याला मागितल्यावर चोख हिशेब दिला पाहिजे, असे सांगितले आहे. ‘मागितल्यावर’ हा शब्द कायद्याला पुरतो. शेजारधर्माला पुरत नाही. कॅशबॅक म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार तरी काय?

इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली काही विणकरांनी आणि कारागिरांनी मिळून पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या विकणारे सहकारी भांडार काढले. उरलेला नफा प्रत्येक सभासदाला त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत मिळे. पुढे अशी भांडारे जागोजाग निघाली. तेथे सामान आणायला गेलेले पोर आईचा सभासद-क्रमांक तोंडपाठ सांगे, आणि खरेदी त्या क्रमांकावर मांडली जाई. पिशवी पोराने वाहिली, तरी परतावा आईचा. आमचा फोन असा क्रमांक विचारीत नाही, एवढाच फरक.

म्हणून मी काकूंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “म्हणजे घासाघीस न करताच भाव उतरला म्हणायचा!” ४५ रुपये त्यांनी संकोच न करता मोजून घेतले. मग त्यांतले १० रुपये काढून माझ्या मुलीच्या हातावर ठेवले; तेलाची पिशवी तिने उचलून आणली होती. “हे तुझ्या पायपिटीचे,” त्या म्हणाल्या. परत देणे आणि देणे, दोन्ही त्या एका मिनिटात वेगवेगळी झाली.

त्यांनी सगळेच पैसे मला देऊ केले असते, तर मी आनंदाने घेतले असते. पण ‘राहू दे तुलाच’ हे शब्द ज्याचा पैसा त्याने उच्चारायचे असतात. ‘काकू काय, राहू देच म्हणतील’ असे आपण मनातल्या मनात त्यांच्या वतीने ठरवून टाकतो, तेव्हा रक्कम लहानच असते. पण उदार होण्याची त्यांची संधी आपण परस्पर खर्चून टाकलेली असते. म्हातारपणी माणसापाशी देण्यासारखे थोडेच उरते. त्यातले हे आपण काढून घेऊ नये.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी वह्यांची पूजा करतात. वही आता आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्येही आहे. पैसा केव्हा आला, किती आला, हे ती बिनचूक सांगते. तो कोणामुळे आला, एवढे एक टिपण मात्र आपले आपणच ठेवायचे असते.