दुसऱ्या वेळचं हसू

आवडतं संगीत नाटक एकदा पाहून मराठी प्रेक्षकाचं समाधान होत नाही. बोरीवली पश्चिमेला सोडावाला लेनमध्ये महापालिकेचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. तिथे किंवा मुंबईतल्या कुठल्याही नाट्यगृहात ‘संगीत संशयकल्लोळ’चा प्रयोग लागला, की तिकीट काढणाऱ्यांत हे नाटक आधी पाहिलेले, पदं तोंडपाठ असलेले आणि शेवट पुरता ठाऊक असलेले लोक असतातच. तरी ते येतात आणि जिथे मागे हसले होते तिथेच पुन्हा हसतात. ही निव्वळ करमणुकीची हौस म्हणून सोडून देता येईल, पण त्यामागे धर्मविचारातला एक जुना आणि अवघड प्रश्न उभा आहे. आपलं सगळं धर्माचरण पुनरावृत्तीवर उभं आहे. रोज तोच हरिपाठ, दर आषाढीला तीच वारी, दरवर्षी त्याच पोथीचं पारायण. ही पुनरावृत्ती जिवंत कधी असते आणि तिची नुसती सवय कधी होते? माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं सर्वांत प्रामाणिक उत्तर विनोदी नाटकाच्या दुसऱ्या प्रयोगात मिळतं. मन भलतीकडे असताना जप करता येतो, आरतीही म्हणता येते. मन भलतीकडे असताना मनापासून हसता मात्र येत नाही.

आधी नाटकाकडे पाहू. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिलं. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाचा त्याला आधार होता आणि मर्फीच्या मागे मोलिएर होता. त्याचंच पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. नाटकाची सगळी मदार एका तसबिरीवर आहे. रेवतीला भर रस्त्यात घेरी येते आणि फाल्गुनराव तिला सावरतो. नेमकं तेवढंच त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, नजरेला पडतं. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर तिथेच पडते आणि ती कृत्तिकेच्या हाती लागते. आता तरण्या पुरुषाची तसबीर न्याहाळणारी बायको फाल्गुनरावाला दिसते. दोघांनी पाहिलं ते खरंच आहे, दोघांनी काढलेला अर्थ तेवढा खोटा आहे. आणि प्रेक्षकाला हे सगळं पहिल्यापासून माहीत आहे, कारण तसबीर त्याच्या डोळ्यांदेखत पडलेली आहे. देवलांनी प्रेक्षकापासून काहीही लपवलेलं नाही. म्हणजे या नाटकातलं हसू पहिल्या प्रयोगालासुद्धा अज्ञानातून येत नाही, ते जाणण्यातूनच येतं.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञांकडूनच येतो. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यावर आली की हसू फुटतं, असं कांटनं १७९० च्या आपल्या ग्रंथात मांडलं आहे. ते खरं मानलं तर दुसऱ्यांदा हसूच येऊ नये, कारण अपेक्षा ताणायला काही उरलेलंच नसतं. कोटी, चुटका यांच्यापुरतं हे म्हणणं पटतं, ऐकलेला चुटका दुसऱ्यांदा पडतोच. पण भरतानं नाट्यशास्त्रात हा विषय अधिक नीट लावला आहे. विस्मय हा त्याच्या मते अद्भुत रसाचा स्थायीभाव आहे. हास्यरसाचा स्थायीभाव हास हा वेगळा आहे आणि तो विकृत वेष, विसंगत बोलणं-चालणं यांतून जागा होतो. आश्चर्य आणि हसू ही दोन वेगळी खाती आहेत. आश्चर्य एकदाच खर्च होतं. विसंगती जितक्या वेळा डोळ्यांपुढे उभी राहील तितक्या वेळा विसंगतच असते. पुढे अभिनवगुप्तानं रस म्हणजे माहिती नव्हे, रस म्हणजे आस्वाद, अशी भूमिका घेतली. माहिती एकदा मिळाली की काम संपतं. आस्वाद प्रत्येक वेळी नव्यानं घ्यावा लागतो आणि त्यासाठी आस्वाद घेणारा तिथे मनानं हजर असावा लागतो.

मग दुसऱ्या वेळी नेमकं काय मिळतं? पहिल्या वेळी आपण फाल्गुनरावापेक्षा शहाणे असतो, म्हणून हसतो. सत्य आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. या हसण्यात थोडा तोरा असतो. दुसऱ्या वेळी घोटाळा कसा होतो हे कळण्याची घाई नसते, म्हणून लक्ष संशयाच्या चालीकडे जातं. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशयाला तिसरं स्थान आहे. अंधारात दिसतो तो खुंट की माणूस, हा संशय माणसाला जवळ जाऊन पाहायला लावतो, तो ज्ञानाची सुरुवात असतो. फाल्गुनराव मात्र कधी जवळ जाऊन पाहत नाही. त्याचा निकाल आधी लागलेला असतो आणि पुरावे मागाहून गोळा होतात. सरळ उत्तर मिळालं तर ते लपवाछपवीचं लक्षण आणि उत्तर मिळालं नाही तर तो कबुलीजबाब. ही चाल ओळखीची वाटू लागते, कारण ती आपल्या घरात, कचेरीत आणि आपल्या डोक्यातही चालते. भरतानं हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत. त्या संज्ञा थोड्या ताणून मी म्हणेन, की दुसऱ्या वेळी परस्थ, म्हणजे दुसऱ्यावरचं, हसू आत्मस्थ, म्हणजे स्वतःवरचं, व्हायला लागतं. संशयी माणसाचा नाश होतो, असा इशारा गीतेच्या चौथ्या अध्यायात आहे. देवल फाल्गुनरावाचा नाश करत नाहीत, त्याला उघडा पाडून पुन्हा त्याच्याच संसारात नेऊन बसवतात. त्यांच्या विनोदातली ही क्षमा दुसऱ्या वेळी अधिक स्पष्ट दिसते, कारण तोवर ती आपल्यालाही हवीशी वाटू लागलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या प्रश्नाला अगदी भिडणारा आहे. डॅनिश तत्त्वचिंतक किर्केगार्दनं १८४३ मध्ये टोपणनावानं ‘पुनरावृत्ती’ याच विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला निवेदक पूर्वीचा आनंद परत मिळतो का हे तपासायला मुद्दाम बर्लिनला जातो, जुन्याच जागी उतरतो आणि पूर्वी पाहिलेलं गाण्यांचं प्रहसन त्याच नाट्यगृहात पुन्हा पाहायला जातो. त्याला हसू येत नाही. अर्ध्या तासात तो उठतो आणि पुनरावृत्ती अशक्य आहे, असं ठरवतो. हा अनुभव खोटा नाही, अनेकांना तो आलेला असतो. पण त्याचं कारण पाहायला हवं. तो माणूस नाटक पाहायला गेलाच नव्हता. तो स्वतःचं मागचं हसू परत न्यायला गेला होता. त्याचं लक्ष रंगमंचाकडे कमी आणि आपल्याला तसंच वाटतंय का याकडे जास्त होतं. कर्मफळाची आस धरली की कर्म हातचं जातं, हे गीतेनं सांगितलेलं सूत्र इथे जसंच्या तसं लागू पडतं. त्याच पुस्तकात पुढे बायबलमधल्या ईयोबाची कथा येते. सगळं गमावलेल्या त्या माणसाला सगळं परत मिळतं, कारण तो ते वसूल करायला निघालेला नसतो. साधकाचंही असंच होतं. पहिल्या वारीतला गहिवर पुन्हा यावा म्हणून चालणारा थकतो. विठ्ठलासाठी चालणाऱ्याला गहिवर आला तरी चालतं आणि नाही आला तरी चालतं.

संगीत नाटकानं तर पुनरावृत्तीची स्वतंत्र प्रथाच पाडली. पद रंगलं की प्रेक्षकांतून ‘वन्समोअर’ येतो आणि गायक तेच पद पुन्हा घेतो. शब्द तेच, चाल तीच, पण एखादी जागा वेगळी घेतली जाते, एखादी तान लांबते. संवादाला ही मोकळीक नाही. फाल्गुनरावाचं वाक्य लिहिल्याप्रमाणेच यावं लागतं आणि तरी ते दर प्रयोगाला नव्यानं घडावं लागतं, कारण बोलण्याआधीचा विराम अर्धा क्षण चुकला तरी हशा जातो. बोडसांचा फाल्गुनराव आणि अलीकडच्या प्रयोगांतला प्रशांत दामल्यांचा फाल्गुनराव यांच्यामध्ये शंभर वर्षं आहेत. संहितेनं दोघांना जोडलं, पण जिवंतपणा प्रत्येकाला स्वतःच आणावा लागला. पाठ तोच ठेवून प्राण रोज नवा भरायचा, ही शिस्त कीर्तनकाराची आहे. द्रौपदीला वस्त्रं पुरवली जाणार हे कीर्तनाच्या उत्तररंगाला, म्हणजे कथाभागाला, बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी तो क्षण कीर्तनकाराला पुन्हा उभा करावाच लागतो.

कुणी म्हणेल, हसूसुद्धा सवयीचं असू शकतं, शेजारी हसतो म्हणून आपण हसतो. खरं आहे. पण तसं हसू नटाला लगेच ओळखू येतं, ते उशिरा येतं आणि लवकर विरतं. जपातला पोकळपणा कित्येक वर्षं कुणालाच कळत नाही, हशातला पोकळपणा तिथल्या तिथे कळतो. म्हणूनच मी हसण्याला कसोटी म्हणतो. आणखी कुणाला प्रहसनाची उपासनेशी तुलना हाच अपमान वाटेल. त्यानं एकनाथांकडे पाहावं. विंचू, जोशी, गोंधळी अशी सोंगं घेऊन नाथांनी भारूडं रचली. विंचवाचा अर्थ ठाऊक असूनही लोक त्यावर चारशेहून अधिक वर्षं हसत आले आहेत आणि हसता हसता अंतर्मुख झाले आहेत. बोरीवलीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते प्रबोधनकार ठाकरे अर्थशून्य कर्मकांडावर सडकून टीका करणारे होते. त्याच प्रबोधनकारांनी ‘खरा ब्राह्मण’ या नाटकासाठी विषय निवडला तो एकनाथांचा. आचाराची पोकळ पुनरावृत्ती आणि जिवंत आचार यांतला फरक त्यांना पक्का कळला होता. त्यांचा राग पहिल्यावर होता, दुसऱ्यावर कधीच नव्हता.

तेव्हा माझा निष्कर्ष असा: पुनरावृत्ती सवय होते की साधना, हे पाठावर ठरत नाही, लक्ष कुठे आहे यावर ठरतं. मागच्या वेळच्या आनंदावर लक्ष असेल तर दुसरा प्रयोग फसतो आणि दुसरं पारायणही फसतं. समोर जे घडतंय त्यावर लक्ष असेल तर ठाऊक असलेलं वाक्यही हसवतं आणि ठाऊक असलेली ओवीही हलवते. आवडतं नाटक पुन्हा लागलं तर संकोच न करता जा, मात्र मागचा हशा शोधू नका, फाल्गुनरावाकडे पाहा. आणि रोजच्या पाठात मन लागेनासं झालं असेल, तर पाठ बदलण्याआधी आपलं लक्ष कुठे आहे ते एकदा तपासा.