बोकडवाला डॉक्टर

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या मिलफर्ड या लहानशा गावात १९१७ साली जॉन ब्रिंकली नावाच्या डॉक्टरने बस्तान बसवलं. माणूस बोलायला गोड, कामाला वाघ. पुढच्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा घरोघर फिरून त्याने रोग्यांची सेवा केली आणि गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

त्याच सुमारास एक शेतकरी त्याच्याकडे आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खाली मान घालून म्हणाला, आता अंगात पूर्वीची धमक राहिली नाही. ब्रिंकली थट्टेने म्हणाला, बोकडाला बघा, त्याला असली तक्रार कधी नसते. शेतकऱ्याला मात्र ती थट्टा वाटली नाही. मग बोकडाचंच माझ्यात बसवा, असं तो म्हणाला. निदान ब्रिंकली स्वतः ही हकिकत अशी सांगत असे. त्याने बोकडाच्या वृषणाचा तुकडा त्या शेतकऱ्याच्या वृषणकोशात शिवला. पुढे शेतकऱ्याच्या बायकोला मुलगा झाला आणि मग काय विचारता!

एका शस्त्रक्रियेचे ७५० डॉलर. त्या काळात एवढ्या पैशांत मोटारगाडी येई. वास कमी येतो म्हणून टोगेनबर्ग जातीचे बोकड मागवले जात आणि गोठ्यातला हवा तो बोकड रोग्याने निवडायचा. त्या तुकड्याला ना रक्तवाहिनी जोडलेली, ना मज्जातंतू. शरीर त्याला परकं मानून हळूहळू जिरवून टाकी, आणि जखम चिघळली तर जिवावर बेते. गुण आलाच तर तो मनाच्या उभारीचा.

१९२२ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे मालक हॅरी चँडलर यांनी त्याला बोलावून घेतलं. आमच्या एका संपादकावर शस्त्रक्रिया करून दाखव, जमली तर तुला देशातला सगळ्यात प्रसिद्ध शल्यविशारद करतो, असा त्यांचा शब्द. वजन वापरून त्यांनी महिनाभराचा परवानाही मिळवून दिला. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचं जाहीर झालं, कौतुक छापून आलं, हॉलिवूडचे लोक दाराशी आले. ब्रिंकली तिथेच मोठं रुग्णालय काढायला निघाला. त्यासाठी कायमचा परवाना हवा होता. कॅलिफोर्नियाच्या वैद्यकीय मंडळाने त्याचा अर्ज उघडला आणि तिथे लिहिलेली एकेक गोष्ट तपासली. कुठे शिकलात, किती वर्षं, पदवी कुणाची? शिक्षण अर्धवट होतं, पदवी अशा संस्थेची की जिला तिथे कुणी मानत नव्हतं, आणि माहितीत जागोजागी खोटेपणा. अर्ज फेटाळला गेला.

या कथेत मला सगळ्यात मोठी वाटतात ती ही मंडळातली माणसं. वर्तमानपत्राचा मालक पाठीशी आहे, नटनट्या रांगेत आहेत, याचं दडपण न घेता त्यांनी कागद वाचला.

हे काम आज आपल्यालाही करता येतं, आणि ते बरंच सोपं झालं आहे. मोबाइलवर एखादे नामांकित डॉक्टर ‘पुरुषांच्या कमजोरी’वरच्या चूर्णाची शिफारस करताना दिसले, तर आधी लक्षात घ्यावं की चेहरा आणि आवाज दोन्ही संगणकावर बनवता येतात. चेहरा खरा असला तरी आपल्याकडे २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरला आपलं नाव, सही किंवा छायाचित्र औषधाच्या जाहिरातीसाठी देता येत नाही. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात तर १९५४च्या कायद्यानेच बंद आहे. म्हणजे ती शिफारस एक तर बनावट, नाही तर नियमबाह्य. डॉक्टरचं नाव भारतीय वैद्यक नोंदणीत आहे का, ते घरबसल्या पाहता येतं. चूर्ण ‘नैसर्गिक’ आहे एवढ्यावरही विसंबू नये. अशा कितीतरी डब्यांत न सांगता सिल्डेनाफिल हे लिंगताठरतेचं औषध मिसळलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला सापडलं आहे. छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आणि मुळात ही तक्रार कित्येकदा मधुमेहाची, धमन्या अरुंद होत चालल्याची पहिली खूण असते. ती डब्यात दडपली की खाली वाढणारा हृदयविकार दिसायचाच राहतो.

ब्रिंकली मिलफर्डला परतला आणि १९२३ साली त्याने स्वतःचं रेडिओ केंद्र उघडलं. आता कुणा मालकाच्या शिफारशीची गरजच उरली नाही. लोकांची पत्रं तो रेडिओवर वाचे आणि न तपासता औषधांचे क्रमांक सांगे. दुकानदार ती औषधं विकत आणि त्यातला वाटा त्याला पोचवत. बनावट पदव्यांच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाहून त्याच्या अटकेची मागणी आली, तर कॅन्ससच्या गव्हर्नरने नकार दिला. हा माणूस राज्यात पैसा आणतो ना!

१९३० साली अखेर कॅन्ससच्या वैद्यकीय मंडळाने चौकशी मांडली. ब्रिंकलीने समाधानी रोग्यांची रांग उभी केली. आम्हाला गुण आला, असं एकेक जण छातीठोक सांगत होता. ज्यांना गुण आला नव्हता ते कसे येणार? आपण बोकडाचं वृषण शिवून घेतलं आणि तरीही काही झालं नाही, हे चारचौघांत सांगायची छाती कुणाची? या दुखण्यात भोंदू माणसाला सगळ्यात मोठा आधार असतो तो रोग्याच्या लाजेचा. मंडळासमोर दुसरी कागदपत्रंही होती. ब्रिंकलीने स्वतः सही केलेले ४२ मृत्यूचे दाखले. त्यातले बरेच जण दवाखान्यात आले तेव्हा आजारीही नव्हते.

परवाना गेला. तरी त्याच वर्षी तो गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना लाखाहून अधिक लोकांनी ते हाताने लिहून त्याला मत दिलं. मग मेक्सिकोच्या हद्दीत आणखी जोरकस रेडिओ केंद्र उभारून त्याने पुन्हा धंदा मांडला.

१९३८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबीन यांनी त्याला भोंदू म्हणून छापलं. ब्रिंकलीने अब्रूनुकसानीचा दावा लावला, आणि तिथेच तो फसला. आता शपथेवर बोलायचं होतं, उलटतपासणी होती. १९३९ साली ज्युरीने निकाल दिला की त्याला भोंदू म्हणणं योग्यच आहे. मग ज्यांची पत्रं रेडिओवर कधी वाचली गेली नव्हती त्यांना कंठ फुटला. भरपाईचे दावे एकामागून एक येत गेले आणि मागणी ३० लाख डॉलरच्या वर पोचली. १९४१ साली त्याने दिवाळं जाहीर केलं.