पाचवे शील आणि पंचेचाळिशी



पेनरोजला ऑफिस सुटल्यावर गाडीकडे जाताना गांजाचा वास येतो. "ही काय दारू आहे का?" असे आपलीच मुले विचारतात. २०२० च्या सार्वमतात न्यूझीलंडने गांजाला थोडक्यात नकार दिला. पण शील मतमोजणीवर अवलंबून नसते.

ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांवर आजवर अभ्यास चालू आहे. त्यांतील दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांचा बुद्ध्यांक पंचेचाळिशीपर्यंत सरासरी साडेपाच गुणांनी घटलेला आढळला. हिरड्यांचे विकारही जास्त दिसले.

जरा, व्याधी, मरण कुणालाच चुकत नाही. पण बाबासाहेबांच्या लढ्यामुळे शिकलेली बुद्धी धुरात का घालवायची? मुलांवर रागावू नका. आज वंदनेनंतर पाचव्या शीलाचा अर्थ त्यांच्याशी बोला.

नमो बुद्धाय!