राखणदार की धनी?

हिवाळ्याचा पाऊस ओसरून पेसाहचे दिवस जवळ आले की इस्रायलमध्ये माळावर, शेतांच्या बांधांवर, क्वचित आपल्या वसाहतींच्या कडेलाही कासवे फिरताना दिसतात. मुले ती उचलून घरी आणतात, खोक्यात ठेवतात आणि काकडीची फोड पुढे टाकतात. वडील मंडळीही कौतुकाने पाहतात. 'मोटारीखाली सापडले असते, आपण वाचवले,' असे समाधान मनाला वाटते. परंतु वाचकहो, ज्याला आपण वाचवले तो जीव त्यामुळे आपला होतो काय?

येथील रानकासवापुरते उत्तर कायद्यानेच दिलेले आहे. १९५५ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्यान्वये ते घरी पाळता येत नाही. रस्त्यात दिसलेले धडधाकट कासव ज्या दिशेला निघाले होते त्याच बाजूला पलीकडे ठेवावे आणि आपण आपल्या वाटेने जावे. जखमी असेल तर रामात गानच्या सफारीतील वन्यप्राणी रुग्णालयात पोहोचवावे.

खरा पेच निराळाच आहे. आपल्या जुन्या देशात, आंध्र, तामिळनाडू, गुजरात व राजस्थानच्या कोरड्या झुडपी रानांत, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले 'स्टार' कासव राहते. ते घरात असले की लक्ष्मी नांदते, अशी पुष्कळांची समजूत आहे. दिसायला सुंदर म्हणून परदेशातही त्याला मागणी आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने त्यास संरक्षण आहे आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी घालण्यात आली. तरीसुद्धा ही कासवे कपड्यांत गुंडाळून, चिकटपट्टीने जखडून, बॅगांतून चोरून नेली जातात. ती पकडली गेली म्हणजे सुटका झाली असे आपण म्हणतो. पण पुढे काय?

त्यांना कोठल्याही रानात सोडून देणे म्हणजे दया नव्हे. कोणते कासव कोणत्या रानातले हे बहुधा कळत नाही आणि प्रवासात जडलेला रोग तेथील निरोगी कासवांना लागण्याचे भय असते. २०१८ साली सिंगापूरहून ५१ 'स्टार' कासवे कर्नाटकात परत आणण्यात आली. पण असे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. कित्येकांना उरलेले आयुष्य माणसाच्या कुंपणातच काढावे लागते. तेव्हा त्यांना सांभाळणाऱ्याचे नाते कोणते, राखणदाराचे की धन्याचे?

हरवलेला बैल सापडला आणि त्याचा धनी जवळ नसेल किंवा ठाऊक नसेल तर त्यास आपल्या घरी आणावे, धनी शोधीत येईपर्यंत ठेवावे व मग परत द्यावे, अशी तोरातील आज्ञा आहे. मिश्नाने हा विचार फार बारकाईने पुढे नेला आहे. सापडलेले वस्त्र तीस दिवसांतून एकदा झटकावे व पसरावे, परंतु ते त्या वस्त्राच्या गरजेपुरते, आपल्या घराची शोभा वाढविण्यासाठी नव्हे. कोणी म्हणेल, बैलाला धनी असतो, रानातल्या कासवाला कोठे असतो? पण सारी सृष्टी परमेश्वराची आहे असे मानणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये. कासव आपल्याला खाण्यास निषिद्ध आहे, म्हणून त्याच्या यातनेशी आपला संबंध नाही असेही नाही. आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत. शनिवारी घाणा बंद राही, तेव्हा घाण्याच्या बैलालाही विसावा मिळे. तो बैलही खाण्यासाठी नव्हता.

'त्याच्या गरजेसाठी, आपल्या शोभेसाठी नव्हे' हा एकच नियम धरला तर कासवाचे घर कसे असावे हे आपोआप ठरते. रानातून धरलेले कासव बहुधा तहानलेले, पोटात जंत झालेले व भेदरलेले असते. म्हणून प्रथम त्यास इतर कासवांपासून वेगळे ठेवून वैद्याला दाखवावे. उथळ कोमट पाण्यात बसवावे. भिंती आरपार दिसणाऱ्या नसाव्यात, कारण पलीकडचे दिसले की ते तिकडे जाण्यासाठी दिवसभर काचेला धडका देत राहते. एका बाजूस ऊन, दुसऱ्या बाजूस गारवा आणि मधे लपायला झुडूप किंवा कौल असावे. खाण्यास गवत व पाला द्यावा, पाव आणि गोड फळे नकोत. मुख्य म्हणजे त्यास वरचेवर उचलू नये. पाहुणे आले की ते हातात घेऊन दाखविणे हीच ती शोभा होय.

येथे आपल्यापैकी कोणाला वाटेल की, आपणही एक देश सोडून दुसऱ्या देशात रुजलो, तसे तेही रुजेल. मला ही तुलना खरी वाटत नाही. आपण बीरशेबा, दिमोना, लोद येथे आलो ते स्वतःच्या मनाने आलो. कष्ट पडले, अपमान झाले, तरी आपण बोलू शकलो, मागू शकलो, १९६० च्या दशकात हक्कासाठी भांडूही शकलो. कासवाला कोणी विचारले नाही व ते तक्रारही करीत नाही. त्याचे मुकेपण म्हणजे समाधान असे समजणे ही आपली सोय आहे. ते खाऊ लागले, उन्हात निवांत पसरले, म्हणजे त्याने आपल्याला क्षमा केली असे नव्हे. त्याचे भय थोडे ओसरले, इतकेच. राखणदाराने एवढ्यावर तृप्त असावे.

शिवाय कासव अनेक दशके जगते. सांभाळणारा आधी जाण्याचाही संभव असतो. म्हणून आपल्यामागे त्यास कोण पाहील, याची व्यवस्था आजच करणे हाही राखणीचाच भाग आहे. धनी मात्र मागे वारसा ठेवतो आणि ज्याला कासव नको असेल त्याच्याही गळ्यात ते घालतो.

ज्या वस्तूचा धनी कळत नाही, ती एलियाहू हन्नाबी येईपर्यंत तशीच ठेवावी, असे मिश्नात अनेक ठिकाणी येते. प्रत्येक शुभप्रसंगी ज्यांचे नाव घेऊन आपण मलिदा करतो, तेच हे एलियाहू. त्यांनी येऊन हिशेब मागितला तर 'हे माझे होते' असे आपल्याला म्हणता येणार नाही. 'हे माझ्याकडे ठेवलेले होते व मी ते नीट राखले' एवढे म्हणता आले तरी पुष्कळ झाले.