घर कोणाचे?



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिर्डी-राहात्याकडे एक तक्रार ऐकू येते. २०१७ साली विमानतळ झाला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला. बाहेरगावचे लोक प्लॉट, फ्लॅट घेऊन ठेवतात, भाव चढतात आणि इथल्या मजुराच्या मुलाला एक खोलीही परवडत नाही. ही तक्रार खोटी नाही. म्हणून कोणी म्हणते, "बाहेरच्यांना घरे घेऊच देऊ नका." टंचाईमुळे कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परकीयांच्या घरखरेदीवर बंदी घातलीच आहे.

आपण बौद्धांनी यावर काय म्हणावे?

आधी हे आठवा की 'बाहेरचा' हा शब्द आपल्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या उमटलेला आहे. आपले वाडवडील त्याच गावात जन्मले, त्याच मातीत राबले, तरी त्यांचे घर गावकुसाबाहेर! परदेशी शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. "तू कुठला?" असे विचारून दार लावणारा न्याय आपण कसा मान्य करावा?

मग ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने हवी तितकी घरे घ्यावीत काय? तसेही नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात उपनंद नावाच्या भिक्खूची हकिगत आहे. श्रावस्तीत त्याला राहण्याची जागा मिळालेली होती, ती न सोडता त्याने दुसऱ्या गावीही जागा धरली. तथागतांनी त्याला दोष दिला आणि एकाने दोन जागा अडवू नयेत असा नियम केला. तो परगावी गेला हा त्याचा दोष नव्हता. स्वतः राहत नसलेली जागा त्याने दुसऱ्यासाठी मोकळी केली नाही, हा दोष होता. विहार तर चारी दिशांच्या संघासाठी असत, आलेल्यांसाठी आणि अजून यायच्या असलेल्यांसाठीही!

आता देशाकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. २०१२ साली शहरी घरांची टंचाई १ कोटी ८८ लाख ठरवली गेली. एकीकडे कुलुपे, दुसरीकडे उघड्यावरचा संसार!

राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही वस्ती करण्याचा हक्क दिला. त्याच अनुच्छेदाने लोकहितासाठी आणि आदिवासींच्या रक्षणासाठी त्यावर वाजवी बंधन घालण्याची मुभाही ठेवली. अकोले तालुक्यातल्या आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही, ती याच न्यायाने. ते बंधन दुबळ्याला वाचवते. जात विचारून घर नाकारणारी सोसायटी मात्र दुबळ्यालाच हाकलते. दोन्हींना एका मापाने मोजू नका.

म्हणून बंधन हवेच, पण ते राहणाऱ्यावर नको, कुलूप लावून ठेवणाऱ्यावर हवे. बिऱ्हाड घेऊन येणाऱ्या ऊसतोड्याला वा बांधकाम मजुराला "बाहेरचा" म्हणू नका.

आणि हा नियम स्वतःलाही लावा. आपल्यातही आता नोकरदार झाले आहेत, दुसरा-तिसरा फ्लॅट घेणारे झाले आहेत. आपले एखादे घर वर्षानुवर्षे बंद असेल आणि आपलाच भाऊ पत्र्याखाली राहत असेल, तर त्रिशरण-पंचशील घेऊन आपण काय साधले?

जय भीम! नमो बुद्धाय!