थापाड्या बिली आणि उपकारांचं ओझं

कीथ वॉटरहाउसची ‘बिली लायर’ ही कादंबरी १९५९ साली आली. तिच्यातलं सारं नाट्य एका शनिवारी घडतं. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या एका काल्पनिक गावात आई-वडील आणि आजीसोबत राहणारा एकोणीस वर्षांचा बिली फिशर अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या पेढीत कारकून आहे. गिऱ्हाइकांना पाठवायची कॅलेंडरं त्याने टपालात टाकलेलीच नाहीत; टपालखर्चाचे पैसे उडवले आणि कॅलेंडरं घरी नेऊन दडवली. लग्नाचं वचन दोघींना दिलंय, अंगठी मात्र एकच. मापाची करून आणतो म्हणत ती एकीकडून काढून घ्यायची नि दुसरीच्या बोटात घालायची, असा बेत. वाचताना हसून मुरकुंडी वळते.

पण बिली थापा मारतो कशासाठी? पोटासाठी नक्कीच नाही. १९४४च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सरकारी माध्यमिक शिक्षण मोफत झालं, १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, १९५४ मध्ये मांसावरचं रेशनिंग उठलं. नोकऱ्याही मिळत होत्या. मंदी आणि महायुद्ध सोसलेल्या आईबापांना वाटे, पोराला सगळं आयतं मिळालंय, आता त्याने गपगुमान कामावर जावं. त्यात गैर काही नव्हतं. पण मिळालेल्या प्रत्येक घासाबरोबर उपकाराची आठवणही गिळायची, हे बिलीला जाचतं. तोंडावर ‘नाही’ म्हणायची धमक नाही. म्हणून तो मनातल्या मनात अँब्रोशिया नावाचा देश वसवतो आणि तिथे हुकूमत गाजवतो.

वॉटरहाउस स्वतः यॉर्कशरमधल्याच लीड्सचा. तरुणपणी त्यानेही अंत्यसंस्काराच्या अशाच पेढीत काम केलेलं. बिलीच्या बापाचा वैताग त्याला कळतो, तसाच बिलीचा कोंडमाराही. पण तो बिलीला पाठीशी घालत नाही. घर सोडून जायला बिलीने लंडनचं तिकीट काढलेलं, लिझसारखी मोकळ्या मनाची मुलगी निघायला तयार. तरी ऐन वेळी बिली स्टेशनवरून घरी परततो. अँब्रोशियात जायला गाडी पकडावी लागत नाही, लंडनला जायला लागते.

पोरांना सुखसोयी देऊन त्यांचा हिशेब मागत राहिलं, की पोरं खोटं बोलायला शिकतात. आणि खोट्याच्या आडोशाने जपलेलं स्वप्न घराबाहेर पाऊल टाकायची वेळ आली, की कामाला येत नाही. वॉटरहाउसने हसता हसता दोन्ही पिढ्यांचे कान उपटले आहेत.