कुंभाराचा बाप

घट कशाने झाला हा प्रश्न आपल्याकडील नैयायिकांनी ज्या चिकाटीने चघळला तिची थट्टा करणे सोपे आहे. परंतु माती, कुंभार, दंड, चक्र अशी कारणे क्रमाने मांडून झाल्यावर, कार्याच्या आधी हजर असूनही ज्यांना कारणपदवी द्यायची नाही अशांची जी निराळी यादी विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त येते, तिच्यापाशी वाचकाने थोडे थबकावे. त्या यादीत माती वाहणारे गाढव आहे, आणि मौज अशी की, कुंभाराचा बापही आहे. बाप नसता तर कुंभार नसता आणि कुंभार नसता तर घट नसता, हे कोणी नाकारीत नाही; तथापि त्याने जे काही केले ते कुंभाराला जन्म देऊन संपले, सबब घटाच्या हिशेबात त्याला जमेस धरण्याचे प्रयोजन उरत नाही. अशाला शास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात.

डहाणूहून चारोटीकडे निघाले म्हणजे वाटेत गंजाड लागते. त्या बाजूच्या एका शाळेचे दप्तर चाळण्याचा योग मला काही वर्षांमागे आला होता. हजेरीपटात एका मुलाच्या नावापुढे दिवाळीपर्यंत हजेरीच्या खुणा बऱ्यापैकी सरळ चाललेल्या होत्या, आणि तेथून पुढे पानेच्या पाने गैरहजेरी. शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत दोनच शब्द होते: ‘घरची परिस्थिती’. भात झोडून झाले की आईबाप वीटभट्टीवर जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी हाही बरोबर जातो, एवढा खुलासा गुरुजींनी तोंडी केला, आणि वर म्हणाले, “काय करणार साहेब, एकेकाचं नशीब.”

गुरुजींनी दोन शब्दांत लिहिले तेच जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने 1966 साली अमेरिकेत सातशेहून अधिक पृष्ठांत लिहिले होते. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची मोजदाद करून त्याने काढलेला निष्कर्ष त्या देशाला चांगलाच झोंबला. कारण इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांवर होणाऱ्या खर्चातील तफावतीने मुलांच्या यशात पडणारा फरक अल्प, आणि घरामुळे व शेजारी बसणारी मुले कोणत्या घरांतून आली यामुळे पडणारा फरक मोठा, असे त्यातून निघाले. नैयायिकांनी ज्याला वाटेला लावले होते तो कुंभाराचा बाप संख्याशास्त्राच्या मागच्या दाराने आत आला आणि थेट लोडाला टेकून बसला. त्याच वर्षी आपल्याकडे कोठारी आयोगाने, डॉ. जे. पी. नाईक ज्याचे कार्यवाह होते त्या आयोगाने, आसपासच्या सर्व मुलांची एकच शाळा असावी असा आग्रह धरला होता. तो कागदावर राहिला.

परंतु कोलमनच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. कृष्णवर्णीय व इतर वंचित मुलांत, आपल्या आयुष्याचे बरेवाईट आपल्या हाती आहे की दैवाच्या, याविषयी मुलाची स्वतःची जी समजूत होती, तिचा त्याच्या यशाशी असलेला संबंध शाळेतील कोणत्याही साधनसामग्रीपेक्षा अधिक घट्ट आढळला. म्हणजे योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला ज्या वादात ओढून पुरुषार्थाची बाजू लढवितात, तो वाद केवळ मोक्षार्थींचा नसून पाटीवर गिरविणाऱ्या पोराचाही आहे. दैव असो वा नसो, दैवावरील विश्वास हा मात्र स्वतःच एक कारण होऊन बसतो. आता मुलाची ही समजूत कोठून येते? अंशतः घरातून, आणि अंशतः, मला भय वाटते, शेऱ्याच्या रकान्यातून. रोझेंथाल आणि जेकब्सन यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, यंदा बुद्धीने झेप घेतील म्हणून जी नावे शिक्षकांना सांगितली ती चक्क चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडलेली होती, तरी निदान खालच्या इयत्तांत त्यांतील पुष्कळ मुलांनी झेप घेतलेली दिसली. त्या आकड्यांवर पुढे विद्वानांची बरीच जुंपली. ते कसेही असो. शेरा मारणाऱ्याने निदान दचकावे, एवढे त्यात नक्की आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस नेणारी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधन, चेष्टा म्हणजे नाना क्रिया, आणि पाचवे दैव. हा क्रम मला विचार करण्यासारखा वाटतो. दैव नाकारलेले नाही, पण त्याला रांगेच्या शेवटी उभे केले आहे. आधीच्या चारांचा झाडा घेतल्यावाचून त्याच्या नावावर काही खर्ची टाकता येऊ नये. आजच्या संशोधकांच्या कोष्टकांतही, सर्व घटकांना त्यांचा त्यांचा वाटा देऊन झाल्यावर, कोणाच्याच खाती घालता न येणारा एक शेष उरतोच. त्याला दैव म्हणा, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अधिष्ठानाची बाकी दैवाच्या नावे मांडण्याच्या आपल्या जुन्या सवयीविषयी.

आणि ही सवय याच तालुक्यात, गंजाडपासून फार दूर नव्हे अशा ठिकाणी, एकदा मोडली गेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस काम मांडले, तेव्हा वारल्यांची मुले बालवाडीत येईनात. येणार कशी? वारली उठावाचे ते वर्ष. वेठीखाली वाकलेल्या घरातले पोरही गुरांमागे किंवा धाकट्यामागे कामाला जुंपलेले असे. यावर ‘घरची परिस्थिती’ असा शेरा मारून दप्तर मिटता आले असते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, तिचे नाव पडले अंगणवाडी. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेथे गुरे राखणारांसाठी शाळा गुरांमागून कुरणात गेली, ती कुरणशाळा. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे ही साधने झाली. म्हणजे अधिष्ठानही बदलले आणि करणही; मुलाचा बाप जेथे होता तेथेच होता. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, ऐन बालपणी वैधव्य आलेल्या अनुताईंना दैव या शब्दाचा अर्थ कोणी शिकवावा लागला नसावा. पुढे 1975 मध्ये सरकारने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. अंगण किती गेले, हा प्रश्न निराळा.

आणखी एक अडचण आहे, ती घटाचीच. कोणता घट व्हावा हे कुंभार आधी ठरवितो. मुलाच्या बाबतीत ते परीक्षा ठरविते. याच गंजाडच्या कळंबीपाड्यावर वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे राहत. लग्नघरी कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम परंपरेने सवाशिणींचे. ते या पुरुषाने हाती घेतले, आणि टोक चावून मऊ केलेल्या काडीने काढलेल्या त्या पांढऱ्या रेषा कागदावर उतरून जगभर गेल्या. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या उदाहरणाने शाळा अनावश्यक ठरते असे म्हणणारा लबाड आहे, कारण असा एक निघतो तेव्हा हजार वीटभट्टीवर असतात. मला एवढेच दिसते की आपण ज्याची कारणे इतक्या कसोशीने शोधीत आहो, ते कार्यच आपण पुरते पाहिलेले नाही.

निघता निघता मी गुरुजींना त्या मुलाविषयी पुन्हा विचारले. त्यांनी नवा हजेरीपट काढला. जूनपासून त्याच नावापुढे पुन्हा हजेरी लागत होती. वाचन मागे पडले आहे, असे ते म्हणाले, जोडाक्षर आले की अडतो. मग पट मिटता मिटता त्यांना हसू आले. “विटा मात्र बिनचूक मोजतो हो. भट्टीवर मुकादमाच्या हजारात चाळीसची चूक काढली म्हणे त्यानं.”